गाडी कोणती ते आधी पार्किंगच्या पाटीला विचारा

वाचकाचं पत्र:

ताई, नमस्कार. मी भांडुपला राहते, वय 33, ऑफिस ऐरोलीला. घरात मिस्टर, सासू-सासरे आणि पाच वर्षांचा मुलगा. आमची ही पहिलीच गाडी. सगळं धरून आठ लाखांपर्यंत जाऊ शकतो, त्यातले तीन साठवलेले, बाकीचं कर्ज. सासरे म्हणतात, पहिली गाडी जुनीच घ्यावी. दीर म्हणतात, सीएनजीशिवाय विचारच करू नका. मिस्टरांना पंच आवडलीय. ऑफिसातल्या मैत्रिणीकडे वॅगन आर आहे, ती म्हणते डोळे मिटून घे. मी टियागो, आय टेन निऑस आणि अल्टोही पाहून आले आणि आता काहीच सुचत नाहीये. सासूबाईंचे गुडघे दुखतात. गणपतीला आणि शिमग्याला गुहागरजवळ गावी जातो. सोसायटीत स्टॅक पार्किंगमध्ये, म्हणजे एकावर एक गाड्या ठेवतात तिथे, जागा मिळालीय. लायसन्स फक्त माझ्याकडे आहे, तेही चार महिन्यांपूर्वीचं. कोणती घेऊ? आणि रंग कुठला?

— एक वाचक, भांडुप

उत्तर:

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा त्यात पाच गाड्या आणि चार सल्लागार दिसले. दुसऱ्यांदा वाचताना शेवटाकडचं एक वाक्य डोळ्यांत भरलं: लायसन्स फक्त तुमच्याकडे आहे. म्हणजे जुलैच्या पावसात ऐरोलीच्या पुलावर स्टिअरिंग तुमच्या हातात असणार, एलबीएस रोडवर रिक्षा घुसली की ब्रेक तुम्ही दाबणार, परशुराम घाटात मागून ट्रकवाला हॉर्न मारत राहिला तर तोही तुम्हालाच ऐकायचाय. आणि पत्रात मतं मात्र मैत्रिणीची, दिरांची, मिस्टरांची. तेव्हा चालवणारीचं मत पहिलं, एवढं घरात आजच सांगून टाका. भांडण होणार नाही. झालंच तर चावी पुढे करून म्हणा, चालवा तुम्ही.

आता गाडीकडे. पण त्याआधी जरा खाली पार्किंगमध्ये जाऊन या, हसू नका. स्टॅकच्या लोखंडी खांबावर कुठेतरी एक पाटी असते, बहुतेक वेळा धुळीने भरलेली. लांबी, रुंदी, उंची, वजन असे चार आकडे असतात. त्यातला उंचीचा आकडा लिहून घ्या. पुष्कळ ठिकाणी साध्या गाडीचा खण 1550 मिलिमीटर उंचीचा असतो आणि एसयूव्हीसाठीचे उंच खण वेगळे, थोडेसेच. तुम्हाला कुठला मिळालाय ते पत्रात नाही, आणि सगळी गंमत तिथेच आहे. वॅगन आरची उंची 1675. पंचची 1615. म्हणजे 1550 च्या खणात या दोन्ही बसतच नाहीत. मैत्रीण काहीही म्हणो, मिस्टरांना काहीही आवडो. टियागो 1535, निऑस 1520, अल्टो के टेन 1520, या जातात. सेलेरिओ 1555 आहे. पाच मिलिमीटरने हुकते बिचारी.

हे इतकं पोटतिडकीने सांगतेय कारण मी स्वतः आपटलेय. आम्ही हौसेने उंच गाडी घेतली, हार घालून इमारतीत आणली आणि पार्किंगवाल्या काकांनी पॅलेटवर, म्हणजे गाडी ठेवायच्या लोखंडी फळीवर, चढवूच दिली नाही. त्यांनी खिशातून मोजपट्टी काढली, छताला लावली आणि मान हलवली. पुढचे चौदा महिने गाडी गल्लीत उभी होती. दोनदा आरसा गेला, रोज रात्री दहाला जागा शोधत फिरणं आलं, आणि शेवटी ज्यांच्याकडे उंच खण होता त्या शेजाऱ्यांशी अदलाबदल करावी लागली. ती कशी झाली, तो एक स्वतंत्र सदराचा विषय आहे.

रुंदीही बघा. पॅलेटवर गाडी चढवताना दोन्ही बाजूंना लोखंडी कडा असते आणि नवशिक्याचा पहिला ओरखडा तिथेच पडतो. अल्टो 1490 रुंद, वॅगन आर 1620, टियागो आणि निऑस 1680 च्या आसपास, पंच 1742. कागदावर हा फरक बोटभर वाटतो. संध्याकाळी मागे दोन गाड्या थांबलेल्या असताना आणि काका ‘मॅडम लेफ्ट, लेफ्ट, बस बस बस’ ओरडत असताना तो चांगला कळतो.

पाटी वाचून झाली की सासूबाईंना घेऊन शोरूममध्ये जा. एकट्या जाऊ नका, फोनवर फोटो दाखवून विचारू नका. नेहमीची साडी, नेहमीच्या चपला. आधी मागच्या दाराने आत बसायला सांगा आणि मग उतरायला सांगा. बसताना सगळ्यांनाच बरं वाटतं, गुडघा बोलतो तो उतरताना. त्या हात कुठे टेकतात ते बघा: सीटच्या कडेला, दाराला की तुमच्या खांद्याला? मग तेच पुढच्या सीटवर करून बघा. टियागो, निऑससारख्या बसक्या गाडीत माणूस खाली ‘पडतो’ आणि उठताना गुडघ्यावर सगळा भार येतो. पुढची सीट पूर्ण मागे सरकवून, आधी आडवं बसून मग पाय आत घेतले, तर पुष्कळ जणींना जमतं. वॅगन आरमध्ये हा प्रश्न नाही, तिथे खुर्चीवर बसल्यासारखं बसता येतं. पंचची दारं काटकोनात उघडतात, वयस्कर माणसांना ते फार सोयीचं. मात्र स्टॅकमध्ये तेवढं दार उघडायला जागा नसते. सासूबाईंना गेटपाशीच उतरवायचं.

आता क्लच. चार महिन्यांचं लायसन्स, भांडुप-ऐरोली रस्ता, आणि चढावर गाडी मागे सरकेल ही प्रत्येक नवशिक्याच्या पोटातली भीती. पत्रात तुम्ही याबद्दल काही लिहिलेलं नाही, तरी मला ती दिसतेय. तुम्ही एएमटी घ्या. एएमटी म्हणजे गिअरबॉक्स साधाच असतो, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं. मारुती त्यालाच एजीएस म्हणते. पन्नास हजारांच्या आसपास जास्त पडतात. तिचे दुर्गुणही ऐका: पहिल्यावरून दुसऱ्या गिअरला जाताना गाडी मान डोलावते, ओव्हरटेक करताना क्षणभर विचार करते, आणि चढावर थांबून ब्रेक सोडलात तर किंचित मागे येऊ शकते. म्हणून घ्याल त्या व्हेरियंटमध्ये हिल होल्ड आहे का, ते विचारा. टेस्ट ड्राइव्हला शोरूमवाला सपाट रस्त्यावर एक चक्कर मारून परत आणतो. ऐकू नका. एखाद्या उड्डाणपुलाच्या चढावर थांबा, ब्रेकवरचा पाय उचला आणि बघा काय होतं. जमलं तर आपल्या सोसायटीच्या रॅम्पवर न्यायला सांगा. गाडी विकायची असेल तर तो नेतो.

दिरांच्या सीएनजीचं गणित मांडूया. ऑफिसला आठवड्यातून तीन दिवस गाडी, रविवारी इकडे-तिकडे, वर्षात दोनदा गाव. सगळं मिळून महिन्याला सरासरी 500 किलोमीटर धरते. शहराच्या गर्दीत पेट्रोल लिटरला 16 चालेल, सीएनजी किलोला 24. जाहिरातीतले आकडे विसरा. 2025 मध्ये मुंबईत पेट्रोल 103 रुपयांच्या पुढे होतं आणि सीएनजी 80 च्या आसपास. त्या भावाने पेट्रोलचा महिन्याचा खर्च 3,200, सीएनजीचा साधारण 1,670. वाचले 1,550. सीएनजी गाडी नव्वदेक हजारांनी महाग येते, पण महाराष्ट्रात तिचा रोड टॅक्स कमी आहे: दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला 11 टक्के, सीएनजीला 8. त्यातून दहाएक हजार सुटतात. उरलेले 80 हजार वसूल व्हायला सव्वाचार वर्षं. रोज साठ किलोमीटर चालवणाऱ्याला दिरांचं म्हणणं शंभर टक्के लागू पडतं. तुम्हाला पडत नाही.

शिवाय पंपावरची रांग आहे. गॅस भरताना गाडीतून सगळ्यांना खाली उतरवतात, गुडघे दुखणाऱ्या माणसालासुद्धा. नोव्हेंबर 2025 मध्ये वडाळ्याला येणारी गॅसची मुख्य वाहिनी बिघडली तेव्हा रिक्षा-टॅक्सीवाल्यांनी पंपाबाहेर रात्र काढली होती. सीएनजीसोबत एएमटीही हवी असेल तर मारुतीच्या छोट्या गाड्यांत ती जोडी मिळत नाही. टाटाने 2024 मध्ये टियागोत आणली. टाटाच्या गाड्यांत एका मोठ्या टाकीऐवजी दोन छोट्या टाक्या डिकीच्या तळाशी असतात, त्यामुळे वर सामानाला जागा उरते. एका टाकीवाल्या गाडीची डिकी उघडली की समोर टाकीच बसलेली असते. गणपतीचं सामान मग मांडीवर.

सासऱ्यांचं म्हणणं मला पटतं, अर्धं. पहिला ओरखडा जुन्या गाडीवर पडला तर जीव कमी जळतो, खरंच. पण मुंबईत जुनी गाडी घेताना ती पाण्यात बुडून आली नाही ना, ही धास्ती राहतेच. तरी बघायचीच असेल तर पुढच्या सीटचा पट्टा पूर्ण बाहेर ओढा, अगदी शेवटपर्यंत, आणि आतल्या टोकाला चिखलाची रेघ दिसते का बघा. सीट धुता येते, कार्पेट बदलता येतं, पट्ट्याचं ते टोक कोणी धूत नाही. स्टेपनी उचलून खालच्या खळग्यात गंज आहे का तेही बघा. आणि आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. एप्रिल 2023 नंतर बनलेल्या गाड्या त्यासाठी तयार करूनच आल्या, त्याआधीच्या सगळ्याच तशा नाहीत. ही दोन कामं पारखून करणारा ओळखीचा मेकॅनिक असेल तर सासऱ्यांना घेऊन जरूर फिरा. नसेल तर नवीन घ्या. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 18 टक्के झाला, आधी तो 28 आणि वर सेस होता. त्यामुळे नव्या-जुन्यातलं अंतर तसंही थोडं मिटलंय. किमती मी इथे देत नाही, जानेवारी उजाडला की त्या बदलतात.

आता तुमच्या पत्रात एका शब्दानेही न आलेला विषय. मुलगा पाच वर्षांचा आहे आणि तुम्ही त्याला घेऊन वर्षातून दोनदा मुंबई-गोवा महामार्गाने जाणार आहात. ग्लोबल एनकॅपच्या टक्कर चाचणीत 2023 साली वॅगन आरला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाचपैकी एक तारा मिळाला आणि मुलांच्या सुरक्षेसाठी शून्य. अल्टो के टेनला मोठ्यांसाठी दोन, मुलांसाठी शून्य. निऑसला 2020 मध्ये दोन. टियागोला 2020 मध्ये चार. पंचला 2021 मध्ये पाच. 2020-21 चे नियम 2023 पेक्षा सोपे होते, त्यामुळे हे तारे शेजारी शेजारी ठेवून मोजणं पूर्ण न्याय्य नाही, हे मान्य. अल्टो आणि वॅगन आरमध्ये 2025 पासून सहा एअरबॅग सरसकट आल्या, निऑसमध्ये त्याआधीच. तेही चांगलंच झालं. पण वॅगन आरच्या चाचणीत सांगाडाच डळमळीत ठरला होता, आणि एअरबॅग वाढवल्या म्हणून सांगाडा बदलत नाही. हे वाचून मैत्रीण रागावेल. तिची गाडी वाईट नाही. ती जेमतेम 4.7 मीटरच्या त्रिज्येत वळते, सर्व्हिस सेंटर चिपळूणपर्यंत मिळतं, विकायला काढली की दोन दिवसांत गिऱ्हाईक उभं राहतं. शहरातल्या शहरात चालवायची असती तर मीही तिच्याच बाजूने बोलले असते.

मुलाला कुणाच्या मांडीवर बसवू नका. मागच्या सीटवर आयसोफिक्सचे हुक असतात, त्यात अडकणारी चाइल्ड सीट घ्या आणि तिचे पैसे बजेटमध्ये आत्ताच धरा. ती बसवली की मागे दोनच मोठी माणसं नीट बसतात. म्हणजे गावाला पाच जण, चाइल्ड सीट, मखर, तांदूळ आणि परतीचे नारळ, हे कुठल्याच छोट्या गाडीत बसत नाही. टियागोची डिकी 242 लिटरची, अल्टोची 214. त्या दोन फेऱ्यांसाठी मोठी गाडी घेण्यापेक्षा गणपतीला सासू-सासऱ्यांना तुतारी एक्सप्रेसने चिपळूणला पाठवा आणि स्टेशनवर न्यायला जा. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि मिनिटांत संपतं. ते काम दिरांना द्या, सल्ला देण्याची हौस तिकडे कामी येईल.

तर पाटीवर 1550 असेल: टियागो, पेट्रोल, एएमटी, मधलं व्हेरियंट. सासूबाई तीत उतरू शकल्याच नाहीत तर निऑसमध्ये बसवून बघा. फरक फार नाही, पण सीटचा आकार वेगळा आहे आणि गुडघ्याचं काही सांगता येत नाही. निऑसचं इंजिन चार सिलिंडरचं आहे, सिग्नलला उभी असताना टियागोइतकी थरथरत नाही. तुमचा खण उंच निघाला तर मिस्टर जिंकले. पंच एएमटी बघा, मात्र तिचं शोरूमचं पूर्ण कोटेशन हातात घेऊन, आठ लाखांच्या आत बसतं का ते बघून. बसवायला म्हणून सर्वात खालचं मॅन्युअल व्हेरियंट घेऊ नका. त्यापेक्षा टियागो बरी.

कर्जाचं थोडक्यात. पाच लाख, 9 टक्के, पाच वर्षं: हप्ता 10,379. सात वर्षांना तोच 8,044 होतो आणि शोरूममधला मुलगा तुम्हाला हाच आकडा दाखवेल, कारण तो गोड दिसतो. त्यात एकूण व्याज सुमारे 53 हजारांनी वाढतं. पाच वर्षं घ्या.

कोटेशनवर ‘हँडलिंग’ नावाची ओळ असली तर ती काय आहे ते विचारा आणि काढायला लावा. ॲक्सेसरीजचा गठ्ठा नको म्हणा, मॅट बाहेर अर्ध्या किमतीत मिळतात. विमा शोरूमचाच घेतला पाहिजे अशी सक्ती नाही, बाहेरून एक कोटेशन काढून त्यांच्यासमोर ठेवा, त्यांचाही भाव खाली येतो. नव्या गाडीला थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा लागतोच. त्यावर झिरो डेप, म्हणजे सुट्या भागांचा घसारा न कापता भरपाई देणारा विमा, घ्या, पहिल्या वर्षी तुम्हाला तो लागणार आहे. आणि इंजिन प्रोटेक्शन घ्या. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही, हे घरातल्या सगळ्यांना पाठ करायला लावा. सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असताना इंजिन फिरवलं की आतला कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या पॉलिसीत ते नुकसान मिळत नाही. गाडी तिथेच सोडा, छत्री घ्या, टोइंगला फोन करा.

डिलिव्हरी दसऱ्याला घ्यायची हौस असेल तर आदल्या दिवशी सकाळी जाऊन गाडी बघून या. मुहूर्ताच्या दिवशी तिथे लग्नाच्या हॉलसारखी गर्दी असते आणि बघायला कोणी वेळ देत नाही. टायरच्या बाजूला चार आकडी संख्या असते: 3225 म्हणजे 2025 सालचा बत्तिसावा आठवडा. पाचही टायरचे आकडे एकमेकांच्या जवळपास आहेत का बघा. स्टेपनी जुनी निघाली तर विचारा, का? दार उघडा-मिटा, एसी लावा, सगळ्या काचा खाली-वर करा, रंगावर उन्हात तिरकं बघा. मग खुशाल चाकाखाली लिंबू ठेवा.

रंगाचं विचारलंय. राखाडी घ्या. पावसाळ्यातला चिखल त्यावर कमी दिसतो, आणि पॅलेटच्या कडेला घासल्याचा ओरखडाही.